पिंक फ्लॉइड १९६७ ते १९७२: कुठली आवृत्ती ऐकायची, आणि तो आवाज कसा काढायचे?

अर्धवर्तुळ
ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचं ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) आणि पुढचं ओळखीचं आहे. आधीचं ऐकायला घेतलं आणि पहिल्याच अल्बमला अडखळलो. ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’च्या एका प्रतीत ११ गाणी, दुसरीत ९, क्रमही निराळा. एकीत ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’च्या शेवटी आवाज या कानातून त्या कानात पळतो, दुसरीत जागचा हलत नाही. तीन प्रश्न:
१. यातली खरी कुठली?
२. सुरुवातीचा गिटारिस्ट आणि गाणी रचणारा सिड बॅरेट बँडमधून बाहेर पडल्यावर बँड बदलला, तो नेमका कुठे ऐकू येतो?
३. गिटारचा तो घरंगळणारा एको साध्या डिजिटल डिलेवर (एको देणाऱ्या पेडलवर) निघतो का?

मोनोमहर्षी
९ गाण्यांची ती अमेरिकन प्रत. टॉवर या तिथल्या रेकॉर्ड लेबलने ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ काढून टाकली आणि सुरुवातीला ‘सी एमिली प्ले’ हे सिंगल (वेगळं निघालेलं सुटं गाणं) चिकटवलं. गाणी गेली एवढंच नाही. ब्रिटिश रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘इंटरस्टेलर’ संपता संपता ‘द नोम’ सुरू होतं. अमेरिकन क्रमात ‘द नोम’ आधी आणि ‘इंटरस्टेलर’ अगदी शेवटी, त्यामुळे तो सांधाच उडाला. ती प्रत बाजूला ठेवा.

कानात पळणारा आवाज हा स्टीरिओ मिक्सचा प्रकार. निर्माता नॉर्मन स्मिथ, बीटल्सचा जुना साउंड इंजिनिअर, त्याने परतलेली धून डावी-उजवीकडे हेलकावत ठेवली. मोनोत दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे ते शक्यच नाही. पण १९६७ साली ब्रिटनमध्ये बहुतेकांकडे मोनो प्लेअर होते, म्हणून मन लावून केलेलं मिक्स मोनोचं. त्यात ड्रम आणि बास एकमेकांना घट्ट धरून आहेत, आणि ‘इंटरस्टेलर’च्या सुरुवातीच्या धूनवर ऑर्गन आणि इतर आवाज जास्त पुढे येतात. स्टीरिओत वाद्यं अशी दोन टोकांना फेकलीत की हेडफोनवर डोकं शिणतं.

मिळवायचं कसं: २००७ च्या ४० व्या वर्धापनाच्या संचात मोनो आणि स्टीरिओ दोन्ही आहेत. २०१८ मध्ये मोनो एलपीही निघाली. २०११ ची रिमास्टर सीडी फक्त स्टीरिओ आहे, ‘नवी म्हणजे चांगली’ म्हणून ती उचलू नका. जुनी ब्रिटिश एलपी दिसली तर क्रमांक पाहा: एसएक्स ६१५७ मोनो, एससीएक्स ६१५७ स्टीरिओ.

फीतफिरक्या
वरच्याला पूर्ण अनुमोदन, फक्त सिंगल्स विसरू नका. ‘अर्नोल्ड लेन’ (मार्च १९६७, ब्रिटनमध्ये २० वा क्रमांक) निर्माता जो बॉइडने लंडनच्या चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत केलं. मग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि निर्माता कंपनीचा, म्हणजे नॉर्मन स्मिथ, आला. ‘सी एमिली प्ले’च्या वेळी ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत तसा आवाज जमेना, तेव्हा सगळे पुन्हा साउंड टेक्निक्सलाच गेले. गाणं ६ व्या क्रमांकावर पोचलं. ही दोन्ही मोनोच आहेत. ‘रेलिक्स’ या संकलनाच्या जुन्या स्टीरिओ एलपीवर मोनोचाच बनावट स्टीरिओ केलाय: एका बाजूला खर्ज, दुसरीकडे चिरका आवाज. तसलं ऐकून गाण्याबद्दल मत बनवू नये.

दुसरा प्रश्न. डिसेंबर १९६७ च्या अखेरीस दुसरा गिटारिस्ट म्हणून डेव्हिड गिल्मोरला घेतलं, जानेवारीत मोजके कार्यक्रम पाच जणांनी केले, ६ एप्रिल १९६८ ला बॅरेट बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. जून १९६८ चा ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ म्हणजे दोन बँड एका कव्हरात. ‘रिमेंबर अ डे’मधली सरकती गिटार बॅरेटची (आणि ड्रम खुद्द नॉर्मन स्मिथचे!). ‘सेट द कंट्रोल्स’वर दोघेही गिटारिस्ट आहेत. ‘जगबँड ब्लूज’ हे बॅरेटचं शेवटचं, त्यात साल्व्हेशन आर्मीचा बँड घुसवलाय.

वळण सापडतं ते अल्बमच्याच नावाच्या, जवळजवळ १२ मिनिटांच्या तुकड्यात. बासवादक वॉटर्स आणि ड्रमर मेसन दोघे वास्तुशास्त्र शिकलेले. त्यांनी आधी कागदावर चढउतारांची आकृती काढली आणि वाजवणं नंतर. गाणी रचणारा गेल्यावर हातात उरला आकार, आणि पुढची पाच वर्षं त्यांनी तोच घोटला. सिंगल्स मात्र आपटली. डिसेंबर १९६८ च्या ‘पॉइंट मी ॲट द स्काय’नंतर ब्रिटनमध्ये थेट १९७९ पर्यंत एकही सिंगल काढलं नाही.

ऐकण्याचा क्रम: सिंगल्स, पायपर मोनो, सॉसरफुल, ‘उम्मागुम्मा’ या दुहेरी अल्बमची फक्त लाइव्ह तबकडी, मग ‘मेडल’. ‘उम्मागुम्मा’ची स्टुडिओ तबकडी चौघांनी वेगवेगळी केली आणि ते कळतं. ‘ॲटम हार्ट मदर’ पहिल्या क्रमांकावर गेला खरा, पण माझ्या मते ती पायरी गाळली तरी चालेल.

तारतम्य
‘ॲटम हार्ट’ गाळायचा? असहमत, पण तो वाद वेगळ्या धाग्यावर.

तिसऱ्या प्रश्नाकडे. ते यंत्र इटालियन बिन्सन एकोरेक. त्यात फीत नसते, तारेने गुंडाळलेलं चुंबकीय चाक सतत फिरत असतं आणि भोवती चार प्लेबॅक हेड (चाकावरचा आवाज परत ऐकवणारे) समान अंतरावर. साधारण ७५, १५०, २२५ आणि ३०० मिलिसेकंदांचे एको मिळतात, आणि कुठले हेड चालू ते निवडता येतं. म्हणून एको एकेरी ‘टण् टण्’ न येता लंगडत, घोळक्याने येतो.

डिजिटलवर: दोन डिले लागतात, एक ३०० वर, एक २२५ वर, जोडणी समांतर. पुनरावृत्ती ३-४, टोन निम्म्याच्या खाली. एकामागे एक जोडलेत तर पहिल्याचे एको दुसऱ्यात शिरून चिखल होतो.

बहुतेकांचं चुकतं ते जोडणीत. डिले ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (आवाज फाटल्यानंतरच्या जोडणीत) टाकला की एको स्वच्छ राहतो आणि फ्लॉइड वाटत नाही. बॅरेटचा बिन्सन सेल्मर ॲम्पच्या आधी असे. ॲम्प फाटायला लागला की मूळ सूर आणि एको एकत्र फाटतात. तसंच करा, पण एकोची पातळी मूळ सुरापेक्षा बरीच कमी ठेवा. आणि बॅरेटसारखी सरकती गिटार हवी तर बोटात झिपो लायटर: तारा फार खाली असतील तर तो फ्रेटवर खडखडतो.

अर्धवर्तुळ
दोन डिले समांतर हेच कुठे वाचलं नव्हतं. एक शेवटचं: ‘मेडल’मधल्या ‘एकोज’च्या मध्यात ते पक्ष्यांचं किंचाळणं, तेही बिन्सन?

तारतम्य
नाही, वाह पेडल (पायाने आवाजाचा टोन बदलणारा) उलटा जोडलाय. गिटारची केबल आउटपुटमध्ये, ॲम्पची इनपुटमध्ये. तारा छेडायच्याच नाहीत, पेडल आपोआप किंचाळतो. उंची बदलायची गिटारच्या टोनच्या बटणाने. बफर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारं सर्किट) असलेल्या नव्या वाहवर हे होत नाही, जुन्या पद्धतीचा, बफर नसलेला लागतो. ॲम्पचा आवाज आधी अगदी खाली आणा, कारण तो एकदम कान फाडतो. हेडफोनवर तर करूच नका.