विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकचा अभ्यासक्रम: तोच असावा की वेगळा?

अक्षरवेल

तिसरीच्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेलं मूल आलं की बऱ्याच शाळा त्याच्या हातात पहिलीचं पुस्तक देतात. पुढच्या वर्षीही तेच पुस्तक. मूल दहा वर्षांचं होतं आणि अजून बदक रंगवत बसलेलं असतं. याला अभ्यासक्रमाची आखणी म्हणता येणार नाही, ही नुसती काटछाट आहे. शिवाय या काटछाटीत विचार करायला लावणारा भाग सगळ्यात आधी जातो. मागे उरतं गिरवणं, रंगवणं आणि जोड्या लावणं.

माझं म्हणणं असं: प्राथमिक स्तरावर घटक सगळ्या वर्गाला एकच असावा आणि उद्दिष्ट प्रत्येक मुलाचं वेगळं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का इथे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावर परिषद झाली, तिथे ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले होते. तिथे स्वीकारलेल्या कृती आराखड्यात हेच आहे. जादा मदत नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत द्यावी, त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम काढू नये, आणि बदलायचंच तर मुलाप्रमाणे अभ्यासक्रम बदलावा.

'पाणी' हा घटक घ्या. काही मुलं जलचक्राची आकृती काढून कारणं लिहितात. एक मुलगी बर्फ, पाणी, वाफ यांचे फोटो क्रमाने लावते आणि तापवल्यावर काय होतं ते चित्रावर बोट ठेवून सांगते. एक मुलगा बोलत नाही, त्याचे हातही पुरते वळत नाहीत. तो बर्फाला हात लावतो आणि आवाज भरून ठेवलेलं मोठं बटण दाबून 'अजून' किंवा 'नको' सांगतो. तिघांची उद्दिष्टं शिक्षिकेने आधीच लिहून ठेवलेली आहेत, त्यामुळे तास संपल्यावर कोण कुठवर आलं हे तिला सांगता येतं.

अशा आखणीचा फायदा त्या मुलांपुरता राहत नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये 'बालगृह' नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या. अशाच मुलांना शिकवणारे फ्रेंच डॉक्टर इतार आणि सेगँ यांच्या कामातून त्यांनी घडवलेली साधनं पुढे जगभरच्या बालवाड्यांत पोचली.

कर्मयोगिनी

अक्षरवेल, काटछाटीबद्दल शंभर टक्के सहमत. तुमच्या तिसऱ्या मुलाबद्दल मात्र अजिबात नाही. तुमच्या आखणीत तो जलचक्राच्या तासाला हजर आहे, इतकंच. त्याच तासात तो स्वतःहून 'शू लागली' हे सांगायला शिकू शकला असता. दोन्हींत आधी काय, हे मला विचाराल तर उत्तर द्यायला मला क्षणही लागणार नाही. मी विशेष शिक्षिका आहे, आणि प्राथमिकची वर्षं किती भरभर सरतात ते रोज बघते.

अमेरिकेत विशेष शिक्षणाचे अभ्यासक लू ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक कसोटी पुढे ठेवली: मोठेपणी घरात, कामावर, चारचौघांत वावरताना जे लागणार आहे, त्याच्या जवळ नेणारं शाळेत शिकवा. त्यांचा एक प्रश्न मी प्रत्येक उद्दिष्टाला लावते. हे या मुलाला आलं नाही, तर त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणाला करावं लागेल का? चड्डी वर ओढणं आलं नाही, तर कोणाला तरी जन्मभर ते करावं लागेल. जलचक्राची चित्रं लावता आली नाहीत, तर कोणालाच काही करावं लागत नाही.

आणि ही कामं 'आपोआप येतील' म्हणून सोडून देण्यासारखी नसतात. चड्डी घालण्याचे मी सात-आठ टप्पे पाडते आणि शेवटून सुरुवात करते. सगळं मी करते, गुडघ्यापासून मांडीपर्यंतही मीच आणते, फक्त कमरेवरची शेवटची ओढ मुलाची. काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून तो उद्या पुन्हा तयार असतो. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचा टप्पा त्याच्याकडे. यात आठवडे जातात, कधी महिने. शिवाय शाळेच्या बाथरूममध्ये जमलेलं घरी जमेलच असं नसतं, तिथे पुन्हा शिकवावं लागतं. सामायिक घटकांच्या वेळापत्रकात या कामाला तास कुठे आहे?

निळी_छत्री

कर्मयोगिनीताई, मी पालक आहे. मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तुमचा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण शाळेत तो कसा वापरला गेला ते मी पाहिलंय. ती सहा वर्षांची असताना एका शाळेने आम्हाला सांगितलं, हिला वाचन जमणार नाही, आपण जीवनकौशल्यांवर भर देऊ. वाचन आलं नाही तर दुसऱ्या कोणाचं काही अडत नाही, हेही वर समजावलं. अडतं हो. औषधाची बाटली दुसऱ्याला वाचावी लागते, बसची पाटी दुसऱ्याला वाचावी लागते, आलेला मेसेज दुसरा वाचतो आणि मग तिचं खासगी असं काही उरत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांची ऐकून लक्षात ठेवण्याची क्षमता कमी असते आणि पाहून लक्षात ठेवण्याची तुलनेने चांगली. म्हणून आधी बोलणं सुधारू दे, मग वाचन, हा क्रम त्यांच्या बाबतीत उलटा पडतो. छापलेला शब्द समोर असला की बोलण्याला आधार मिळतो. आमच्याकडे तेच झालं. 'बाबा गेले' हे दोन शब्दांचं वाक्य तिने आधी कार्डांवर वाचलं आणि मग ते तिच्या तोंडी बसलं. जीवनकौशल्यांच्या नावाखाली ती कार्डं तिच्यापुढे आलीच नसती.

कपडे घालायला मी घरीही शिकवू शकते, शिकवलंही. वाचायला कसं शिकवायचं हे शिकलेली माणसं शाळेत असतात.

पायवाट

दोन्ही बाजू 'विशेष गरजा' हा एकच गठ्ठा धरून बोलताहेत, म्हणून लिहितो. मी अंध मुलांना शिकवतो. आमच्या मुलांना अभ्यासक्रम पूर्ण तोच हवा, एक धडाही कमी नको, आणि त्यावर जादा हवं. १९९६ मध्ये अंध मुलांच्या शिक्षणातले अमेरिकन तज्ज्ञ फिल हॅटलेन यांनी या जादा भागाची मांडणी केली. आज त्यात ९ क्षेत्रं धरतात: ब्रेलसारखी पूरक कौशल्यं, पांढरी काठी घेऊन हिंडणं-फिरणं, सहायक तंत्रज्ञान, उरलेल्या संवेदनांचा वापर, समाजात वावरणं, घरची कामं, छंद-करमणूक, कामधंद्याची ओळख आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. डोळस मूल यातलं बरंचसं नुसतं बघून उचलतं. दार ढकलायचं की ओढायचं, रांगेत कुठे उभं राहायचं, हे त्याला कोणी शिकवत नाही. आमच्या मुलांना ते शिकवावं लागतं आणि त्याला तास लागतात.

मग ते तास येतात कुठून? बहुतेक शाळांत खेळाच्या तासातून. म्हणजे ज्या मुलाला अंगाची हालचाल सगळ्यात जास्त हवी, त्याचाच खेळ जातो. तोच की वेगळा, या वादाआधी वेळापत्रक समोर ठेवा.

कर्मयोगिनी

@निळी_छत्री, तुमच्या मुलीबाबत त्या शाळेने चूकच केली. वाचनाचं दार सहाव्या वर्षी बंद करणं याला माझा कधीच पाठिंबा नव्हता. मी बोलतेय ते बहुविकलांग मुलांबद्दल, ज्यांच्यासाठी इंग्लंडमध्येही विषयवार मोजमाप बाजूला ठेवलं आहे. २०२१ पासून तिथे विषयांच्या अभ्यासापर्यंत न पोचलेल्या मुलांचं मूल्यमापन पाच बाबींवर होतं: मूल धुंडाळतं का, आपल्या कृतीने काय घडतं हे त्याला उमगतं का, पुढे काय होणार याची वाट बघतं का, चिकाटी धरतं का, स्वतःहून सुरुवात करतं का. घटक पाणी आहे की माती, याने तिथे फरक पडत नाही.

मौनराग

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. 'या मुलांनी आधी काय शिकावं' हे इतरांनी ठरवलं की काय होतं, हे कर्णबधिरांच्या इतिहासात दिसतं. १८८० मध्ये मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेने सांकेतिक भाषेऐवजी तोंडी बोलणं शिकवण्याचा ठराव केला. पुढे कित्येक पिढ्यांचे शाळेतले तास ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात गेले. गणित, विज्ञान, गोष्टी सगळं मागे पडलं. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात त्याबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये. तेव्हा मोठेपणी काय लागेल याची यादी करताना, त्या अवस्थेतून गेलेली मोठी माणसं तिथे बसलेली असू द्या.

अक्षरवेल

मौनराग, हा मुद्दा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाच्या आराखड्यातच लिहिला पाहिजे. पायवाट सरांचं वेळापत्रकाचंही पटलं.

कर्मयोगिनीताई, तुम्ही सांगितलेल्या पाच बाबी मला माझ्याच बाजूच्या वाटतात. बर्फ पुढे आल्यावर तो मुलगा हात मागे घेतो, दुसऱ्या वेळी बर्फ दिसताच आधीच बटणाकडे वळतो. वाट बघणं आणि सुरुवात करणं, दोन्ही आलं की. 'नको' म्हणता येणं हे तुमच्या बाथरूमच्या कामातही लागतं. कोणी कपडे बदलताना त्याला नको असेल तर ते सांगता यावं, याहून उपयोगी जीवनकौशल्य कोणतं? ते तो एका खोलीत एकाच बाईंसमोर शिकला, तर दुसरीकडे वापरेल याची खात्री नाही, हे तुम्हीच लिहिलंय. वर्गात वीस मुलं आजूबाजूला असताना ते वापरायची संधी मिळते. म्हणून मी त्याला 'पाणी' घटकातून बाहेर काढायला तयार नाही. स्वच्छतेची कामं रोजच्या ठरलेल्या वेळी होऊ देत, मधल्या सुट्टीच्या आधी आणि नंतर, आणि ती आराखड्यात उद्दिष्ट म्हणून लिहिलेली असू देत.

कर्मयोगिनी

'नको'बद्दल मान्य. ते सगळीकडे शिकवलं पाहिजे. पण मधल्या सुट्टीच्या आधीची दहा मिनिटं मला पुरत नाहीत. घाईत मोठं माणूसच चड्डी वर ओढून मोकळं होतं आणि मूल शिकायचं राहतं. मला सकाळचा पूर्ण तास हवा, रोज, आणि तो विज्ञानाचा असेल तर विज्ञानाचा. तो मिळाला, तर उरलेल्या वेळात तुमच्या वर्गात त्या मुलाला मी स्वतः घेऊन येईन आणि बटणात कोणते शब्द भरायचे ते आपण दोघी आदल्या आठवड्यात बसून ठरवू.