९८ टक्के सोडा, चुका मोजा

टाकबोरू:

माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता हे पटवायला निघालेला प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात "आपला डीएनए ९८ टक्के सारखा आहे" असं ठोकून देतो. निष्कर्षाशी माझं भांडण नाही. कारण मात्र लंगडं आहे, आणि लंगड्या कारणावर उभा केलेला खरा निष्कर्षही पहिल्या शंकेसरशी आडवा होतो. म्हणून हा धागा.

२००५ साली चिंपांझीचा जीनोम, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला त्याचा सगळा डीएनए, प्रसिद्ध झाला. जुळवता आलेल्या भागात सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी एकेका अक्षराचा फरक निघाला, म्हणजे साधारण १.२ टक्के. तोच आकडा उलटा करून लोक मिरवतात. पण त्याच तुलनेत गळालेले किंवा घुसलेले तुकडेही सुमारे ५० लाख होते. त्यांची लांबी धरली तर साम्य घसरतं, दुबार झालेले पट्टे धरले तर आणखी घसरतं. मग शंका घेणारा म्हणतो, "बघा, आकडा फुगवलेला होता!" आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच असतं.

मला विचाराल तर साम्य मोजूच नका. चुका मोजा. जुन्या पोथ्यांची चिकित्सा करणारे हेच करतात. दोन पोथ्यांत एखादी शुद्ध ओळ सारखी असली तर त्यावरून काही ठरत नाही. पण दोन्हींत त्याच ओळीचा तोच अर्धा भाग गळालेला असेल, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असं आपण बेधडक म्हणतो.

जीनोममधली अशी गळालेली ओळ म्हणजे गुलो हे जनुक. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात, आणि त्या साखळीतली शेवटची पायरी या जनुकाच्या प्रथिनाकडे असते. आपल्यात त्याचे अवशेष आठव्या गुणसूत्रावर अजून पडून आहेत. कामाचे तुकडे बरेचसे गायब, उरलेल्यांत मध्येच 'थांबा' असा संकेत. लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्या सडायच्या त्या यामुळे. चिंपांझी, ओरांगउटान, मकाक माकड यांच्यातही हे जनुक मोडलेलंच आहे, आणि मोडण्याच्या खुणा जुळतात. आपल्या लांबच्या नातलग लेमूरमध्ये मात्र ते धडधाकट आहे. गिनिपिगातही ते मोडलंय, पण त्याचे गळालेले तुकडे वेगळे. म्हणजे एकदा आपल्या फांदीवर मोडलं, एकदा गिनिपिगाच्या.

ज्यांना एक पूर्वज मान्य नाही त्यांनी हे मोडणं कसं जुळलं ते सांगावं.

शंकासुर:

मीच तो, ज्याला मान्य नाही. आधी आभार, ९८ टक्क्यांचा फुगा तुम्हीच फोडलात. माझे कष्ट वाचले.

आता गुलो. तीन गोष्टी.

पहिली, 'निकामी' हे कुणी ठरवलं? २०१२ मध्ये एनकोड या, डीएनएचा कुठला भाग काय करतो ते शोधणाऱ्या प्रकल्पाने जीनोमचा ८० टक्के भाग काही ना काही जैवरासायनिक काम करतो असं जाहीर केलं. कालपर्यंत ज्याला कचरा म्हणत होतात तो आज कामाचा निघतो. उद्या गुलोच्या अवशेषांचंही काम सापडेल.

दुसरी, माणूस आणि गिनिपिग यांचं मोडकं जनुक उंदराच्या चांगल्या जनुकाशी ताडून पाहिलं तर दोघांत अगदी त्याच जागी तोच बदल झालेली बरीच ठिकाणं दिसतात. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दोघांत ते वेगवेगळं मोडलं. म्हणजे काही जागा मुळातच ठिसूळ आहेत, तिथे आपोआप सारखी मोडतोड होते. मग चिंपांझीच्या बाबतीतही तसंच का नसेल?

तिसरी, पोथ्यांची उपमा सुरेख आहे. पण पोथी उतरवणारा लेखनिक होता हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे तेच तर सिद्ध करायचंय.

प्रयोगवही:

शंकासुरराव, दुसऱ्या मुद्द्यापासून धरतो, कारण तो खरोखर चांगला आहे आणि बहुतेक लोक त्यावर अडखळतात.

तुलना करताना तुम्ही उंदराला 'मूळ प्रत' धरलंत. उंदीर ही मूळ प्रत नाही, तीही एक नक्कलच आहे. समजा एका जागी सगळ्यांच्या पूर्वजात 'ए' होतं आणि उंदराच्या फांदीवर त्याचं 'जी' झालं. माणसात 'ए', गिनिपिगात 'ए', उंदरात 'जी'. उंदीर प्रमाण मानला की माणूस आणि गिनिपिग दोघंही 'त्याच जागी सारखे बदललेले' दिसणार. बदलला आहे उंदीर! म्हणून अशा तुलनेत दोनच्या जागी पाच-दहा प्राणी घ्यावे लागतात. गाय, कुत्रा, लेमूर यांचं चालू जनुक शेजारी ठेवून पाहा, कोण बदललंय ते कळतं.

एनकोडबद्दल: तिथे 'काम' या शब्दात नुसती हालचालही धरली होती. एखाद्या पट्ट्याची कुठल्यातरी पेशीत नक्कल निघाली किंवा त्याला एखादं प्रथिन चिकटलं, तरी तो कामाचा. त्यावरून तेव्हाच भरपूर टीका झाली. आणि कांद्याचं काय? त्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे. प्रत्येक अक्षर कामाचं असेल तर कांद्याला आपल्यापेक्षा एवढी काय जास्त कामं असतात ते सांगा.

आता माझा आवडता पुरावा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८ गुणसूत्रं, आपल्याला ४६. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती हरवली असती तर जीव जगला नसता. तेव्हा दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून चिकटली असणार.

गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक पालुपद असतं: टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी... शेकडो वेळा. चपलेच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते तसं. ते गुणसूत्राच्या अधेमध्ये पडून असायचं फारसं कारण नाही. १९९१ मध्ये आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या पोटात ते सापडलं, आणि कसं? काही अंतर टीटीएजीजीजी चालतं आणि मग एकदम सीसीसीटीएए, सीसीसीटीएए सुरू होतं. म्हणजे तेच पालुपद, पण समोरच्या बाजूने येणारं. दोन टोकं समोरासमोर भिडल्याशिवाय असं दिसत नाही. शिवाय त्याच गुणसूत्रावर एक चालू सेंट्रोमियर (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं तो भाग) आहे आणि दुसऱ्या, बंद पडलेल्या सेंट्रोमियरचे अवशेषही आहेत.

शंकासुर:

उंदराचं पटलं. मान्य करायला लाज नाही, मी ती तुलना कुठेतरी वाचली होती आणि प्रमाण कोण धरलंय हे पाहिलंच नव्हतं.

पण दुसऱ्या गुणसूत्रावर तुम्ही उडी मारलीत. दोन गुणसूत्रं चिकटली हे मान्य केलं तरी त्यावरून काय सिद्ध होतं? एवढंच, की कधीकाळी माणसांनाच ४८ गुणसूत्रं होती. ती माणसंच होती. चिंपांझी मध्ये कुठून आला? आणि त्या सांध्यावरची पालुपदं एकसारखी नाहीत, पुष्कळ बिघडलेली आहेत असंही वाचलंय.

टाकबोरू:

या एका मुद्द्यावर मी शंकासुरांच्या बाजूने. नुसता सांधा नातं सिद्ध करत नाही, तो फक्त आपल्या घरात काय घडलं ते सांगतो. पाठ्यपुस्तकं हे सरसकट घाईने लिहितात. नातं ठरतं ते सांध्याच्या दोन्ही अंगांना पाहून. एका बाजूची जनुकं ओळीने चिंपांझीच्या एका गुणसूत्राशी जुळतात, दुसऱ्या बाजूची दुसऱ्याशी. सांधा म्हणजे अडचणीचं उत्तर. ४६ आणि ४८ चा मेळ बसत नाही म्हणून एक पूर्वज खोटा, असं म्हणायची सोय त्याने काढून घेतली, एवढंच.

पालुपद बिघडलेलं असणारच. टोकाला असतं तोवर ते दुरुस्त करणारी यंत्रणा असते. पोटात गेल्यावर त्याला कोण विचारतो? लाखो वर्षं अक्षरं बदलत राहिली. ते कोरं करकरीत सापडलं असतं तर मलाच शंका आली असती.

जाळीदार:

दोन्ही बाजूंना जरा थंड पाणी. मला उत्क्रांती पूर्ण मान्य आहे, पण वंशावळीचं 'झाड' मान्य नाही. निदान तुम्ही काढताय तितकं नीटनेटकं तरी नाही.

गोरिलाचा जीनोम २०१२ मध्ये आला. त्यात सुमारे ३० टक्के भागात माणूस आणि चिंपांझी एकमेकांच्या सर्वांत जवळ नाहीतच. कुठे गोरिला आपल्याला अधिक जवळ, कुठे चिंपांझीला. मग 'चिंपांझी आपला सर्वांत जवळचा' हे कुठल्या पट्ट्यावरून म्हणायचं?

वटवाघूळ आणि डॉल्फिन घ्या. दोघंही आवाज फेकून प्रतिध्वनीवरून वाट काढतात. कानातल्या प्रेस्टिन नावाच्या प्रथिनाची वंशावळ काढली तर डॉल्फिन गाईगुरांचं घराणं सोडून वटवाघळांत जाऊन बसतो. २०१० मध्ये हे छापून आलं. एका जनुकावर भरवसा ठेवणाऱ्यांनी याचं काय करायचं?

आणि जिवाणूंकडे गेलात तर झाड संपलंच. ते जनुकं पोरांना देतात तशी शेजाऱ्यांनाही देतात. प्रतिजैविकांना न जुमानण्याची युक्ती एका जातीतून भलत्याच जातीत जाते ती अशीच.

शंकासुर:

जाळीदार, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय याची कल्पना आहे ना?

जाळीदार:

अजिबात नाही :) माझा प्रश्न झाडाच्या आकाराचा आहे. नातंच नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

प्रयोगवही:

प्रेस्टिनची गंमत पुढे आहे, जाळीदारांनी अर्धीच सांगितली. प्रथिन बदलतं ते कामासाठी. उंच आवाज ऐकायचे तर तिथे मोजकेच बदल उपयोगी पडतात, म्हणून दोन्ही प्राणी वेगवेगळ्या वाटेने तिथेच पोचले. पण डीएनएत असेही अक्षरबदल होतात ज्यांनी प्रथिनात काहीच फरक पडत नाही. नैसर्गिक निवड त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्याच प्रेस्टिन जनुकातले असे मुके बदल घेऊन वंशावळ काढा, डॉल्फिन निमूट आपल्या घरी परत येतो.

एक पूर्वज न मानणारे 'सारखं काम म्हणून सारखा भाग' असंही म्हणतात, त्या युक्तिवादाची यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. कामाने आलेलं साम्य कसं दिसतं ते इथे उघड दिसतं, आणि रक्ताने आलेलं त्याच जनुकात वेगळं काढता येतं.

गोरिलाचे ३० टक्के म्हणजे पूर्वजांच्या मोठ्या कळपात एकाच जनुकाच्या अनेक आवृत्त्या होत्या आणि फांद्या फुटताना त्या वाटेल तशा वाटल्या गेल्या. सख्ख्या भावापेक्षा चुलतभावाशी एखाद्याचं नाक जास्त जुळतं, म्हणून तो चुलत्याचा मुलगा ठरत नाही. आणि फांद्या लागोपाठ फुटल्या असतील तर इतका गोंधळ अपेक्षितच आहे.

टाकबोरू:

विषाणूंचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून काढतो, कारण शंकासुरांच्या 'ठिसूळ जागा' या शंकेचं उत्तर तिथे आहे.

काही विषाणू आपला मजकूर यजमानाच्या डीएनएत चिकटवतात. हे अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत घडलं तर तो तुकडा पुढच्या पिढ्यांत वारशाने जातो. आपल्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे. ते सगळं अडगळीत पडलेलं नाही. गर्भाची वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन मूळचं विषाणूचंच. तेव्हा 'निकामी आहे की कामाचं' हा वाद मी सोडूनच देतो.

मी बोलतोय ते पत्त्याबद्दल. जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. विषाणूला काही वस्त्या जास्त आवडतात हे खरं, पण वस्ती ठरली म्हणून घराचा क्रमांक ठरत नाही. तरी असे हजारो तुकडे माणूस आणि चिंपांझी दोघांत अगदी त्याच दोन अक्षरांच्या मध्ये बसलेले आहेत.

शंकासुर:

चिंपांझी आणि गोरिला दोघांत असलेला, पण माणसात नसलेला एक विषाणू आहे ना? तुमच्या झाडात तो बसत नाही.

टाकबोरू:

आहे. पीटीईआरव्ही-१ त्याचं नाव. आणि पत्ते पाहा! चिंपांझीत तो ज्या जागांवर आहे, त्या गोरिलातल्या जागांशी जुळत नाहीत. म्हणजे दोघांना लागण वेगवेगळी झाली, आपण त्यातून सुटलो. वेगवेगळी लागण झाली की पत्ते वेगवेगळे निघतात, याचा याहून चांगला दाखला तुम्हीच आणून दिलात.

जुना वाचक:

अवांतर, पण राहवत नाही. हे रेणूवाले नेहमीच होयबा होते असं समजू नका. १९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनावरून माणूस आणि आफ्रिकी वानरं सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली असं मांडलं, तेव्हा जीवाश्मवाले खवळले. त्यांच्या हातात रामापिथेकस या जुन्या वानराचे जीवाश्म होते, तो म्हणे दीड कोटी वर्षांच्या आसपासचा आणि माणसाच्या रांगेतला. पुढे नवे अवशेष मिळाले आणि रामापिथेकस ओरांगउटानच्या नातलगांत जाऊन बसला. हाडांनीच रेणूंना दुजोरा दिला. दोघं एकमेकांचे साक्षीदार आहेत, ते आधीपासून ठरवून बोलत नव्हते.

जाळीदार:

हे आवडलं. जिवाणूंवर मात्र माझं म्हणणं कायम आहे. माणूस-चिंपांझी हे प्रकरण मिटलेलं समजतो. पण तिथून एका दमात "सगळ्या जीवसृष्टीचा एक पूर्वज" असं म्हणू नका. त्याचे पुरावे वेगळे आहेत. जवळजवळ सगळीकडे प्रथिनांची कृती लिहायचा तोच तीन अक्षरी संकेत, ती वाचून प्रथिनं जोडणारी तीच रायबोसोमची यंत्रणा. १९७७ मध्ये वूझ यांनी त्या रायबोसोमच्या आरएनएवरूनच आर्किया हे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचं तिसरं घराणं वेगळं काढलं. पण त्या तळाशी एकच एक जीव होता की जनुकं वाटून खाणारी एक अख्खी टोळी होती, हा प्रश्न उघडा आहे. आणि तो 'सार्वत्रिक' संकेतही पुरता सार्वत्रिक नाही. आपल्याच पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात 'यूजीए' म्हणजे थांबा नव्हे, तिथे ते ट्रिप्टोफॅन (प्रथिनाचा एक घटक) असं वाचलं जातं.

टाकबोरू:

टोळीचं मान्य. शीर्षकात मी सगळी जीवसृष्टी ओढलेली नाही, मुद्दाम.

शंकासुर:

पत्त्यांचा मुद्दा दोन दिवस डोक्यात घोळतोय. मला त्यावर आज तरी उत्तर नाही. एकच विचारतो. काय सापडलं तर तुम्ही माघार घ्याल? की तुमचा सिद्धांत कशानेच खोटा पडत नाही?

प्रयोगवही:

पडेल की. माणूस आणि घोडा यांच्यात एकच विषाणू नेमक्या त्याच पत्त्यावर बसलेला, आणि चिंपांझी, गोरिला, मकाक सगळ्यांत ती जागा कोरी. एखाददुसरा सापडला तर चूक कुठे झाली ते शोधू. डझनांनी सापडले तर वही मिटतो. जीनोम सगळ्यांना खुले आहेत, घोड्याचाही आहे. शोधा.

शंकासुर:

शोधीन. तोवर असं धरा: चिंपांझीचं नातं मी 'अमान्य' मधून काढून 'बहुधा' मध्ये टाकलं. पण त्यावरून कुणी रचनाकार नाहीच, हे मात्र मी मानणार नाही.

टाकबोरू:

ते या धाग्यात कुणीच म्हटलेलं नाही, वर जाऊन पाहा. आणि घोडा शोधायला बसाल तेव्हा गुलोही बघून घ्या, त्याचं चालू आहे.