नदीकाठी गलबत आणून उभं करायचं का?

संगमपार
नदीकाठच्या आमच्या सोसायट्यांच्या गटात सध्या एकाच विषयावर जुंपली आहे, म्हणून इथे मांडतो. कोकणातल्या एका खाडीत शिडाचं जुनं मालवाहू गलबत चिखलात कलून पडलंय. पन्नासेक फूट लांब, सागवानी. एकेकाळी मुंबईला कौलं आणि तांदूळ न्यायचं, पुढे शीड उतरवून इंजिन बसवलं. मालकाच्या मुलांना ते नको आहे. गिऱ्हाईक मिळालं की फळ्या फर्निचरला जातील. आमच्यातल्या काहींचं म्हणणं असं की ते घ्यावं, ट्रेलरवरून पुण्यात आणावं आणि मुळा-मुठेच्या संगम ते बंडगार्डन टप्प्यातल्या नव्या घाटाजवळ डागडुजी करून उभं करावं.

माझं मत: आणावं. जहाजं जपण्यात आपला हात किती आखडता आहे ते विक्रांतने दाखवलंच. १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून होती, २०१४ मध्ये भंगारात. त्यातल्या थोड्या पोलादाची २०१६ मध्ये आपल्या आकुर्डीच्या बजाजने मोटारसायकल काढली, तेवढीच आठवण. उलट मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेली, मलबारी सागवानाची ट्रिंकोमाली ही शिडाची युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. म्हणजे लाकूड टिकतं. टिकवणारा हवा.

आणि एक अट माझी स्वतःची. रंग मारून, दिवे लावून उभं करायचं नाही. कोकणातून सुतार बोलवायचे आणि काम उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत करायचं. इथे मजले चढताहेत, नवे रहिवासी गॅलरीतून नदी बघतात आणि खिडकी लावून घेतात. त्यांना खाली उतरायला काहीतरी निमित्त हवं.

शनिवारातला
फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजी तोफांनी जळून गेलं, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला कोण होतं? पुणं. आता त्याच पुण्याला एक गलबत जपायचंय. चांगलं आहे, पावणेतीनशे वर्षांत मतपरिवर्तन होऊ शकतं.

वल्हेवाली
संगमपारकाका, कॉलेजात असताना बोटक्लबवर रोज सकाळी होते, म्हणून बोलते. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा बोटक्लब १९२८ पासून आहे, तिथली रेगाटा, म्हणजे नावांची प्रात्यक्षिकं, बघायला अख्खं शहर लोटतं. म्हणजे पुण्यात नावा नाहीत असं नाही. त्या नावा कुठल्या पाण्यात चालतात ते विचारा. जलपर्णी बाजूला सारून सराव करायचा, आणि वल्ह्याचं पाणी अंगावर उडालं की घरी जाऊन आधी अंघोळ, मग नाश्ता. खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर मुठेत वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. त्याच्या काठाशी गलबत ठेवून लोक खाली उतरतील? उतरतील, फोटो काढतील आणि नाकाला रुमाल लावून वर येतील.

आधी पाणी. गलबताला माझा विरोध नाही, क्रमाला आहे.

चौथामजला
क्रम धरून बसलात तर पुण्यात काहीच होणार नाही. मेट्रोच्या वेळी हेच ऐकलं. आकर्षण आलं की लोक येतात, लोक आले की नदी घाण का म्हणून बोंब होते, बोंब झाली की कामं होतात. शिवाय स्पष्टच बोलतो: परिसराची किंमत वाढली तर त्यात पाप काय? आम्ही कर्ज काढून घरं घेतली आहेत.

वल्हेवाली
चला, एकाने तरी खरं कारण सांगितलं.

काठावरून_उठलेला
चौथामजलासाहेब, पाप काही नाही. फक्त एवढं सांगतो की ज्या पट्ट्यात तुम्ही हे उभं करायचं म्हणता त्याच्या जवळच आमची वस्ती होती. पूर आला की आधी आमच्या घरात. मग एके दिवशी सांगण्यात आलं की पुनर्वसन होणार. मिळालेली खोली चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण आईची धुण्याची कामं नदीपलीकडच्या बंगल्यांत होती, ती गेली. जायला दोन बस लागायच्या.

आता तुम्ही म्हणता गलबताला परंपरा आहे. असेल. पण घाटावर बसून कपडे धुणारी, म्हशी धुणारी, मासे धरणारी माणसं तिथे होती तेव्हा त्यांना कुणी वारसा म्हटलं नाही, अतिक्रमण म्हटलं. त्यांना उठवायचं आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवरून खलाशांची आठवण मागवायची, हे मला जरा जड जातं. तरी एक विचारतो: तिथे तिकीट असणार का?

नाखव्याचा_नातू
मी देवगडकडचा, सध्या हिंजवडीत. आजोबांचं गलबत होतं, मुंबई ते मालवण माल वाहायचं. रस्ते झाले, डिझेलचे ट्रक आले आणि धंदा संपला. म्हणून जरा विस्ताराने लिहितो, रागावू नका.

पहिली गोष्ट, लाकूड. गलबत समुद्रात का टिकतं? फळी भिजून फुगते आणि सांधे आपोआप घट्ट बसतात. ते बाहेर काढून पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ठेवलंत की फळ्या आकसणार, सांध्यांतला कापूस सुटणार, हाताचं बोट जाईल एवढ्या फटी पडणार. मग पाऊस. खारं पाणी लाकडाला एका परीने मुरवतं, पावसाचं गोडं पाणी फटीत साचून कुजवतं. आमच्याकडे गलबत पावसाळ्यात शाकारून ठेवायचे ते उगाच नाही. आणि पठाण, म्हणजे तळाचा मुख्य वासा, तो पाण्याने सर्व बाजूंनी उचलून धरायचा असतो. जमिनीवर दोन-चार टेकू दिलेत तर पाच वर्षांत कणा वाकतो. लंडनच्या कटी सार्क या जुन्या शिडाच्या जहाजाचं बघा. १९५४ पासून कोरड्या गोदीत होती, शेवटी दुरुस्तीला काढावी लागली, मध्येच २००७ मध्ये आग लागली, आणि २०१२ मध्ये पुन्हा उघडेपर्यंत सुमारे ५ कोटी पौंड गेले. एवढं करून जहाज काचेच्या छतावर उचलून धरलं म्हणून वास्तुकलेच्या एका नियतकालिकाने त्यालाच वर्षातल्या सर्वांत वाईट इमारतीचं बक्षीस दिलं!

दुसरी गोष्ट, जागा. संगमपारकाका ट्रिंकोमालीचं उदाहरण देतात. मी सिटी ऑफ अ‍ॅडलेड या जहाजाचं देतो. १८६४ मध्ये इंग्लंडात संडरलंडला बांधलेलं, लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी फळ्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांना नेणारं. शेवटी स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षं किनाऱ्यावर कुजत होतं. संडरलंडवाले म्हणाले आमचं, अ‍ॅडलेडवाले म्हणाले आमचं. २००९ मध्ये संडरलंडचा एक माजी नगरसेवक तर जहाजावर चढून ठाण मांडून बसला (हा माणूस पुण्यात निवडून आला असता). २०१० मध्ये निकाल अ‍ॅडलेडच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये ते पोर्ट अ‍ॅडलेडला पोचलं. दोन्ही गावांचा त्या जहाजाशी संबंध होता: एकाने बांधलं, दुसऱ्याची माणसं त्यातून आली. पुण्याचा आमच्या गलबताशी संबंध काय? परवडतं, एवढाच ना?

विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाला वाघोटण खाडीवर मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून आहे. तिथे कोणी जात नाही. लाखो रुपये ट्रेलरला देण्यापेक्षा खाडीकाठी एक पक्की शेड बांधा आणि तिथल्याच दोन सुतारांना वर्षाचा पगार द्या. पुणेकर दर शनिवार-रविवारी कोकणात येतातच, मासे खायला. वाटेत बघून जातील.

शनिवारातला
आणि ताम्हिणीच्या वळणांवर पन्नास फुटी गलबत अडकल्यावर होणाऱ्या वाहतूक कोंडीला काय म्हणायचं, तेही आधी ठरवा. गलबतबंद?

संगमपार
नातूसाहेब, लाकडाचं पटलं, छप्पर लागेलच. पण जागेचं पटत नाही. हार्टलपूल हे ट्रिंकोमालीचं गाव नव्हेच. ती मुंबईत जन्मली, नंतर फूड्रोयांट नावाने पोर्ट्समथला प्रशिक्षणाचं जहाज होती, १९८७ मध्ये तिथे आणली. हार्टलपूलच का? कारण तिथले जहाजबांधणीचे कारखाने बंद पडले होते आणि १९७९ पासून तिथेच वॉरियर या युद्धनौकेची दुरुस्ती चालली होती. ती संपली तेव्हा शिकलेले हात तयार होते, त्यांना ट्रिंकोमाली मिळाली. काम २००१ पर्यंत चाललं. जहाज कुठलं यापेक्षा काम कोणाच्या हाताला मिळालं हे मला मोठं वाटतं. खाडीकाठच्या शेडमध्ये दोन सुतार काम करतील, त्यांच्याकडून शिकणार कोण? तिथली मुलं तर हिंजवडीत आहेत, तुम्हीच सांगता.

नाखव्याचा_नातू
लागलं. पण हार्टलपूलला कारखान्यातले कामगार होते. पुण्यात कोण शिकणार, चौथामजला?

तुळईवाली
मी वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून या प्रश्नाला उत्तर आहे माझ्याकडे. पुण्यात सागवानावर हात बसलेले सुतार अजून आहेत. विश्रामबागवाडा, नानावाडा यांची कामं झाली, ती काही यंत्राने झाली नाहीत. पण पेठांमध्ये पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे खांब, तुळया, कडीपाट रोज जुन्या बाजारात जातात. पुनर्विकासात बिल्डरला ते मधे येतं, मालकाला चार पैसे मिळतात. आपल्याच अंगणातलं सागवान वाचवायला कुणी गट काढत नाही, आणि गलबताला आठवड्यात वर्गणी जमते. समुद्राची हौस आहे, दुसरं काय.

पूररेषा
कोणी विचारलंच नाही म्हणून विचारतो: उभं नक्की कुठे करणार? घाटावर म्हणजे पूररेषेच्या आत. १२ जुलै १९६१ जाऊ द्या, ते पानशेत होतं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते धरण न फुटताच. तसाच विसर्ग सुटला तर तुमचं गलबत काय करेल? तरंगेल. तेच त्याचं काम आहे. आणि साखळ्या तुटल्या तर खाली बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल, दीडशे वर्षांहून जुना, दगडी कमानींचा. एक वारसा दुसऱ्यावर जाऊन आदळेल. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पावर आधीच पात्र आवळलं जातंय म्हणून एवढा वाद, त्यात वर हा अडथळा.

चौथामजला
मग पूररेषेबाहेर, बागेत ठेवा. बागेत विमान, रणगाडा चालतो, गलबत का नाही?

वल्हेवाली
चालेल की. त्या रणगाड्यावर मुलं घसरगुंडी खेळतात, तसं यावर खेळतील. संगमपारकाकांना हेच हवं होतं का, ते त्यांनी सांगावं.

संगमपार
नाही. तिकिटाचं विचारलंत, काठावरून उठलेले दादा: माझ्या मते नसावं, पण गटात बहुमत तिकीट ठेवण्याच्या बाजूने आहे. देखभालीचा खर्च त्यातून काढू म्हणतात.

काठावरून_उठलेला
मग आई बाहेरूनच बघेल. तिला पुलावरूनही दिसेल.

नाखव्याचा_नातू
काका, शेवटचं. मालकाशी बोलायला जाणार असाल तर मोठ्या ओहोटीच्या दिवशी जा, तेव्हा तळ उघडा पडतो. पठाणाला सुरा टोचून बघा. आत गेला तर पुणं काय नि गिर्ये काय, वाद मिटला. मी येतो सोबत. आणि चौथ्या वर्षीचा तेल-राळेचा खर्च कोण देणार ते आधी लिहून घ्या. पहिल्या वर्षी सगळेच देतात.