मदत हवी आहे: 'बूस्टरिझम'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, अमेरिकेतल्या शहरांच्या वाढीवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि 'बूस्टर', 'बूस्टरिझम' या जोडीपाशी अडले आहे. शब्द तसाच ठेवावा तर आपल्याकडे 'बूस्टर' म्हटलं की लशीचा डोसच आठवतो.

मला लागलेला अर्थ असा. 'बूस्ट' म्हणजे खालून हात देऊन वर चढवणं. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे नवी गावं वसत होती, तेव्हा तिथले व्यापारी, जमीनमालक, वृत्तपत्रांचे संपादक आपल्या गावाची वारेमाप तारीफ करत: हवा उत्तम, जमीन सोन्यासारखी, रेल्वे तर येणारच. वस्ती वाढली की त्यांच्याच प्लॉटचे भाव चढणार होते, हे खरं. पण गाव मोठं व्हावं ही तळमळही त्यात होती, म्हणून नुसतं 'जाहिरातबाजी' लिहायला माझं मन घेत नाही.

ही चढाओढ कुठवर जाई ते बघा. १८९०च्या जनगणनेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल या शेजारशेजारच्या शहरांनी एकमेकांवर कुरघोडी करायला लोकसंख्येचे आकडे फुगवले. सेंट पॉलच्या रेल्वे स्टेशनात शेकडो रहिवासी दाखवलेले निघाले! शेवटी दोन्हीकडे फेरगणना झाली. याहून वाईट म्हणजे, नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो, असं सांगून कोरड्या मैदानी मुलखात शेतकरी वसवले गेले. १८९०च्या दशकात दुष्काळ पडला आणि कित्येक कुटुंबांना घरदार सोडून परतावं लागलं. त्यांच्यासाठी हा शब्द गोड नक्कीच नव्हता.

खरी अडचण इथेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक स्वतःला अभिमानाने 'बूस्टर' म्हणवत, आणि गावाची उणीदुणी काढणाऱ्याला 'नॉकर' म्हणून हिणवत. पुढे टीकाकारांनी 'बूस्टरिझम' म्हणजे पोकळ बढाई असाच सूर लावला. अलीकडे ब्रिटनमध्ये बोरिस जॉन्सन यांच्या आशावादी आर्थिक बोलण्यालाही हाच शब्द लावला गेला.

'उदोउदो', 'डांगोरा', 'टिमकी' हे तिन्ही पहिल्या फटक्यात टोमणा मारतात. 'ग्रामाभिमान' फारच सोज्वळ, त्यात प्लॉटचा भाव येत नाही. सध्या 'गावाची भलामण' जवळचा वाटतो: तो कौतुकानेही म्हणता येतो आणि नाक मुरडूनही. पण मग भलामण करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? 'भलामणकार' कानाला खटकतो, आणि 'कैवारी' म्हटलं की गावावर कुणी अन्याय केल्यासारखं वाटतं.

हे वाक्य कसं पुरं कराल: 'गावातला प्रत्येक दुकानदार स्वतःला ______ म्हणवून घेई'? आपल्या बोलीत, बाजारात किंवा जुन्या वर्तमानपत्रांत असा शब्द भेटला असेल तर वाक्यासकट द्या.