मदत हवी आहे: बंद बाटलीतल्या गोगलगायी मरतात

पाणवेडा
जाणकारांनी जरा लवकर सांगा, सोमवारी मुलाला प्रकल्प शाळेत न्यायचा आहे. बंद बाटलीतली परिसंस्था केली आहे. तळाला चिखल, त्यावर तळ्याचं पाणी, हायड्रिला ही पाणवनस्पती आणि गोगलगायी. सगळं नीट केलंय तरी आठव्या दिवसापासून गोगलगायी मरतायत. हायड्रिला हिरवागार आहे, म्हणजे ऑक्सिजन भरपूर. मग चुकतंय कुठे?

चिखलमित्र
बाटली केवढी? गोगलगायी किती? ठेवलीय कुठे? 'सगळं नीट' हे आम्हाला इथून दिसत नाही हो.

पाणवेडा
एक लिटरची. अकरा होत्या, आता सहा. खिडकीत ठेवलीय, ऊन लागायला नको का?

दहाटक्के
एका लिटरात अकरा! लिंडमन या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९४२ साली तलावाच्या अभ्यासातून हेच मांडलं होतं. अन्नसाखळीत खालच्या पातळीवरची ऊर्जा वर जाताना ढोबळमानाने दहा टक्केच उरते, बाकीची श्वसनात आणि उष्णतेत जाते. चार काड्यांवर अकरा तोंडं कशी पोसणार? उपाशी मरतायत.

पाणवेडा
उपाशी नाहीत. मूठभर सुकी पानं टाकलीयत त्यांच्यासाठी.

चिखलमित्र
हे आधी सांगायचं ना! ती पानं गोगलगायींच्या आधी जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. उन्हात बाटली तापवून तुम्ही तोही घालवताय. वर रात्री हायड्रिलासुद्धा ऑक्सिजन घेतो, देत नाही. उजाडायच्या आधी टॉर्च मारून बघा गोगलगायी कुठे आहेत. आणि झाकण उघडून वास घ्या.

नवरंग
गोगलगाय विघटक आहे ना? मग कुजकं तिनेच साफ करायला हवं.

दहाटक्के
नाही. ती कुजकं खाते, पण विघटक म्हणजे जिवाणू आणि बुरशी. पानातला नायट्रोजन, फॉस्फरस पुन्हा वनस्पतीला घेता येईल अशा रूपात आणायचं काम मुख्यतः त्यांचं.

नवरंग
आमच्या पाठ्यपुस्तकात गोगलगाय सफाई कामगार म्हणून दिली होती.

दहाटक्के
सफाई करणारा निराळा, विघटक निराळा. गिधाडही मेलेलं खातं, म्हणून त्याला बुरशी म्हणाल का?

लांडगेप्रेमी
अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे परत सोडल्यावर हरणांवर वचक बसला आणि झाडं सावरली. तुमच्याकडेही गोगलगायींना खाणारा कोणी नाही, हेच दुखणं आहे.

चिखलमित्र
एक लिटरात लांडगा? शिवाय तिथली झाडं कितपत लांडग्यांमुळे सावरली यावर अभ्यासकांचाच वाद चालू आहे.

काचघर
बंद म्हणजे बंद, झाकण उघडलं की प्रयोग बाद. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर २ या बंद काचघरात १९९१ साली आठ माणसं दोन वर्षांसाठी कोंडून घेतली होती. आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४ च्या आसपास आला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. माती सकस हवी म्हणून सेंद्रिय माल भरपूर घातला होता, तिथले जिवाणू ऑक्सिजन खात सुटले. ही तुमच्या सुक्या पानांचीच मोठी आवृत्ती.

पाणवेडा
पहाटे पाहिलं. सगळ्या वर झाकणाला चिकटून. दुपारी मात्र खाली उतरतात आणि हायड्रिलाच्या पानांवर बारीक बुडबुडे असतात. झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. चिखलाचा वरचा थर काळा पडलाय.

चिखलमित्र
तळाशी ऑक्सिजन संपलाय. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. आता शेवटचा प्रश्न: पाणी काठोकाठ भरलंय का?

पाणवेडा
हो, बुडबुडा राहू नये म्हणून मुद्दाम.

चिखलमित्र
घ्या! तळ्यातल्या बऱ्याच गोगलगायी फुफ्फुसाने श्वास घेतात, हवा घ्यायला वर येतात. तुम्ही वर हवाच ठेवली नाही. पाव बाटली रिकामी करा, पानं आणि मेलेल्या गोगलगायी काढा, दोनच जिवंत ठेवा, बाकीच्या जिथून आणल्या तिथेच सोडा. बाटली उजेडात ठेवा, उन्हात नको.

काचघर
म्हणजे नवी बाटली. जुनी मोजू नका.

पाणवेडा
केलं. शाळेत काय सांगायचं ते मुलगा बघेल. दोन दिवस झाले, दोघी ठीक आहेत, पहाटेसुद्धा एक खाली असते. पण आतून काचेला जेलीचा गोळा चिकटलाय, आत बारीक पारदर्शक ठिपके. बुरशी का?

दहाटक्के
अंडी. लागा परत मोजायला.

लांडगेप्रेमी
म्हणूनच म्हणत होतो, कोणीतरी खाणारा हवा.