भांडी बुडवण्याआधी सांधे बघा

संग्रहालयाच्या मित्रमंडळाने भांड्यांसाठी कपाटं द्यावीत, ही एक सूचना आलीय; ती पटली. पण स्वयंसेवकांनी दरवर्षी पोर्सेलिनची (चिनी मातीची) सगळी भांडी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावीत, ही सोबतची सूचना नको. पोर्सेलिनला पाण्याचं काही नसतं, भीती असते ती फुटलेलं भांडं पूर्वी जोडलेल्या जुन्या सांध्यांची. सरसाने चिकटवलेला कान कोमट पाण्यात मऊ पडून हातात येतो, तुकडे जोडायला मारलेले लोखंडी टाके गंजून कडेला तांबूस डाग सोडतात. आधी अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारा. लाखेने चिकटवलेला सांधा नारिंगी चमकतो. शंका असेल तिथे फक्त मऊ ब्रश. सोनेरी काठाला कापूससुद्धा घासू नका.

मंडळाचा पैसा खरा लागेल तो नोंदणीला, म्हणजे प्रत्येक भांड्यावर यादीतला क्रमांक घालायला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पोर्सेलिन संग्रहात १७२१ साली सुरू झालेल्या यादीचे क्रमांक बुडाशी कोरून त्यात काळा रंग भरलाय, म्हणून तीनशे वर्षांनी आजही नग यादीशी जुळतो. आता कोरायचं अर्थातच नाही. बुडाशी, झिलईवर, ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा बोटाच्या पेराएवढा पट्टा द्या, वाळल्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक लिहा, वर त्याच रेझिनचा दुसरा थर. चुकलं तर ॲसिटोनने निघतं. फक्त कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात हे काम काढू नका. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल धरतो आणि पट्टा दुधाळ होतो. मग खालचा आकडा कोण वाचणार? दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.