मदत हवी आहे: हायब्रिड एसयूव्ही जुनी झाल्यावर मायलेज आणि भरवसा कितपत टिकतो?

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही आता बदलायला झाली आहे आणि पुढची गाडी हायब्रिड घ्यायची यावर घरात जवळपास एकमत आहे. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. नव्या कोऱ्या गाडीचं कौतुक करणारे व्हिडिओ खंडीभर सापडतात, पण वॉरंटी संपल्यावर तीच गाडी कशी वागते हे सांगणारं माणूस काही भेटत नाही. आम्ही एकदा गाडी घेतली की दहा-बारा वर्षं सोडत नाही. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हचे किंवा पहिल्या वर्षाचे अनुभव माझ्या फारसे कामाचे नाहीत. ज्यांच्या हायब्रिडने लाख-दीड लाख किलोमीटर ओलांडलेत, त्यांनी जरा वेळ काढून लिहावं ही मनापासून विनंती.

आमचा वापर असा: आठवडाभर मी ऑफिसला नेते, म्हणजे अंतर कमी आणि सिग्नल भरपूर. सुट्टीत मात्र सासू-सासरे, मुलं, डिकी भरून सामान आणि एसी पूर्णवेळ चालू, असा हायवेचा लांबचा प्रवास. घरी चार्जिंगची सोय नाही, होण्यासारखीही नाही, म्हणून बाहेरून चार्ज करावी लागणारी प्लग-इन हायब्रिड बाद. माइल्ड हायब्रिडही मी सोडून दिली आहे. त्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण शहरात इंजिन बंद ठेवून गाडी एकटीने पळवण्याएवढा तिच्यात दम नसतो. थोडक्यात, स्वतःची बॅटरी स्वतःच भरणारी पूर्ण हायब्रिड हवी आहे.

मायलेजबद्दल मी जमेल तेवढं वाचलं. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून एकाच गाडीचे दोन अवतार शेजारी ठेवून पाहिले की चित्र जास्त स्वच्छ दिसतं. २०१९च्या टोयोटा रॅव्ह-४चे अमेरिकेतल्या ईपीएचे (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे) आकडे किलोमीटरमध्ये करून पाहिले. साधी पेट्रोल, पुढची चाकं ओढणारी गाडी शहरात लिटरला ११ आणि हायवेवर १४.९ देते. तीच हायब्रिड, चारही चाकांना जोर देणारी असूनही, शहरात १७.४ आणि हायवेवर १६.२. म्हणजे दर १०० किलोमीटरला शहरात तीन लिटरहून जास्त पेट्रोल वाचतं, आणि हायवेवर जेमतेम अर्धा लिटर! हे गणित मांडल्यावर ‘हायब्रिडला मायलेज किती’ या प्रश्नाचं एकच एक उत्तर असूच शकत नाही हे पटलं. म्हणून मायलेज लिहिताना कृपया शहर किती, हायवे किती आणि हायवेला वेग साधारण किती ठेवता, हे जरूर लिहा. आणि शक्य असेल तर टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब सांगा. स्क्रीनवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो.

पण मायलेजची मला तेवढी काळजी नाही. खरी धास्ती आहे ती भरवशाची. पेट्रोल इंजिन, दोन-दोन मोटरी, मोठी बॅटरी, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर, आणि सगळ्यांना थंड ठेवायची सोय वेगळी. एवढा पसारा एका गाडीत म्हटल्यावर बिघाडही तेवढे जास्त असणार असं साधं तर्कशास्त्र सांगतं. आकडे मात्र उलट बोलतात. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहक संस्थेने २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या मालकांच्या पाहणीत हायब्रिडमध्ये साध्या इंधनाच्या गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी निघाल्या, आणि प्लग-इनमध्ये तब्बल १४६ टक्के जास्त. दोन्हींत इंजिन आहे, मोटर आहे, बॅटरी आहे, मग एवढी तफावत कशी? कुणाला नीट माहीत असेल तर समजावून सांगा.

शिवाय आमच्यापुढे दोन पर्याय आहेत: चार-पाच वर्षं वापरलेली रॅव्ह-४ हायब्रिड, किंवा नवी कोरी ह्युंदाई टूसॉन हायब्रिड. जुनी घ्यायची तर बॅटरीचं उरलेलं आयुष्य कसं ओळखायचं? विकणारा छातीठोकपणे सांगतो की ‘एकदम ओके आहे’, पण तेवढ्यावर एवढा मोठा व्यवहार करायला मन धजत नाही.

आगाऊ आभार.

—

प्रतिसाद

आमच्याकडे पूर्ण हायब्रिड एसयूव्ही आहे, दोन लाख किलोमीटर केव्हाच उलटून गेले. मूळची बॅटरी अजून तीच आहे आणि मायलेजमध्ये म्हणावी अशी घट नाही. शहरात लिटरला सतराच्या आसपास, हायवेला शंभरच्या आत ठेवली तर तेवढंच, आणि त्याच्या वर दामटली की चौदावर येते. थंडीच्या दिवसांत जवळच्या खेपा केल्या तर त्याहूनही खाली. कारण हीटरला गरम पाणी लागतं आणि एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्टही तापावा लागतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालूच राहतं. पहिल्या थंडीत मी घाबरून सर्व्हिस सेंटर गाठलं होतं. गाडीत काहीच दोष नव्हता.

त्रास झाला तो भलत्याच गोष्टींचा. आमच्या गाडीत मागच्या सीटखाली, पायाजवळ, एक जाळी आहे. मोठ्या बॅटरीला हवा तिथून जाते. घरात कुत्रा आहे, त्यामुळे ती जाळी केसांनी आणि धुळीने अक्षरशः नमद्यासारखी गच्च झाली होती. पंखा जोरजोरात घोंघावायला लागला म्हणून लक्ष गेलं. सर्व्हिसच्या यादीत हे काम असायला हवं, पण तिथे कुणी ती काढून पाहिलेलीही नव्हती. तेव्हापासून मी स्वतःच स्क्रू काढून ब्रशने साफ करतो, दहा मिनिटांचं काम. बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही, म्हणून ताई, घ्याल त्या गाडीची बॅटरी हवेवर थंड होणारी असेल तर हे विसरू नका.

दुसरी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, गाडीचा संगणक जागा होतो तो या छोटीवर, आणि मोठीला जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विचही तीच ओढते. ती मेली की गाडी ठार बंद. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर मधे एकदा गाडी चालू करून, ‘रेडी’ दिवा लागलेला ठेवून अर्धा-पाऊण तास उभी ठेवा. नुसतं अॅक्सेसरी मोडवर गाणी ऐकत बसलात तर चार्ज होण्याऐवजी उतरेल.

ब्रेक पॅड मात्र विलक्षण टिकतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. त्याचीच दुसरी बाजू अशी की डिस्क कमी घासल्या गेल्याने त्यांच्यावर गंज धरतो. अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर जरा कचकन ब्रेक मारावा.

—

प्रतिसाद

माझा वापर जवळजवळ सगळा हायवेचा, वेग एकशे वीसच्या घरात, कॅरिअरवर बहुधा सामान. खरं सांगायचं तर मायलेजच्या अपेक्षेने घेतली असती तर निराश झालो असतो. लिटरला तेरा मिळतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि सरळ रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग मोटर परत मिळवणार काय? गाडी शांत आहे, ओव्हरटेकला मोटरचा जोर ताबडतोब मिळतो, म्हणून मी समाधानी आहे. पण तुमचं ऑफिस सिग्नलांच्या रस्त्यावर आहे, तुम्हाला फायदा माझ्यापेक्षा खूप जास्त होईल.

घाटाबद्दल कुणी विचारलं नाही तरी लिहितो. लांब उतारावर बॅटरी पूर्ण भरली की मोटर ब्रेकिंग थांबतं आणि गाडी इंजिनाच्या फिरण्याने वेग आवरायला लागते. आवाज एकदम वाढतो. घरच्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर काहीतरी तुटलं असं वाटतं.

—

प्रतिसाद

मी याच दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘पसारा जास्त म्हणजे बिघाड जास्त’ हे ऐकायला पटतं, पण टोयोटाच्या पद्धतीत पसारा उलट कमी झाला आहे. तिथे स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. त्यांच्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं साध्या सीव्हीटीसारखा आत पट्टा असेल. पट्टा नसतोच; एक प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि दोन मोटरी, दात कायम एकमेकांत अडकलेले. घासून झिजेल असं त्यात फारच थोडं आहे. इंजिन अॅटकिन्सन पद्धतीचं, ताण कमी घेणारं. पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आली, तेव्हापासून हीच मूळ कल्पना सुधारत आली आहे. फोर्डची एस्केप हायब्रिडही याच धर्तीची होती, आणि न्यूयॉर्कमध्ये ती टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावली. टॅक्सीचा मार सोसला याहून मोठं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

होंडाची रीत वेगळी. शहरात चाकं मोटर फिरवते, इंजिन बहुतेक वेळ वीज बनवतं, आणि हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. निसानच्या ई-पॉवरमध्ये तर इंजिन चाकांना कधीच जोडलं जात नाही. ह्युंदाई-किआच्या टूसॉन, स्पोर्टेजमध्ये १.६ लिटर टर्बो इंजिन, नेहमीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणि दोहोंच्या मधे मोटर असते. चालवायला ती जास्त ओळखीची वाटते, हायवेवर इंजिन उगाच किंचाळत नाही. पण टर्बो आहे, क्लच आहे, गिअरबॉक्सचं तेल आहे. दहा-बारा वर्षांचा विचार करताना सांभाळायच्या गोष्टी जास्त. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, गाडी इतकी वर्षं ठेवायची असेल तर माझं मत टोयोटाच्या पद्धतीकडे झुकतं.

प्लग-इनच्या तक्रारी जास्त का, याचं माझ्या अनुभवातलं उत्तर असं: बॅटरी कितीतरी मोठी, त्यात गाडीतच चार्जर, चार्जिंगचा दरवाजा, तिथलं सॉफ्टवेअर, थंड करण्याची वेगळी व्यवस्था. आणि साध्या हायब्रिडची बॅटरी तिचा संगणक कधी पूर्ण भरत नाही, कधी पूर्ण रिकामी करत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधे खेळवतो. म्हणून ती इतकी टिकते.

आता जुनी गाडी कशी तपासायची ते. ‘ओके आहे’ यावर अजिबात जाऊ नका. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे आतल्या प्रत्येक गटाचा, व्होल्टेज बघायला सांगा, आणि तो गाडी उभी असताना नको. चढावर जोर लावताना आणि उतारावर चार्ज होताना. सगळे ब्लॉक बरोबरीने वर-खाली झाले तर उत्तम. एखादाच ब्लॉक जोर लावताच खाली कोसळत असेल तर ती गाडी सोडा. काहीजण बॅटरीतले खराब तेवढे मॉड्यूल (सुटे भाग) बदलून गाडी विकतात. काही महिन्यांत शेजारचं जुनं मॉड्यूल जातं. बॅटरीचं कव्हर उघडल्याच्या खुणा दिसल्या तर बिल मागा.

२०१९ ते २०२१ च्या रॅव्ह-४ हायब्रिडबद्दल एक खास गोष्ट. मागच्या मोटरकडे जाणारी जाड नारिंगी केबल गाडीच्या पोटाखालून जाते. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे त्या केबलच्या मोटरकडच्या टोकाला गंज लागल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला अमेरिका-कॅनडात तिची वॉरंटी वाढवावी लागली. गाडी लिफ्टवर घेऊन ते टोक बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर केबल बदलल्याशिवाय व्यवहार करू नका.

याच रॅव्ह-४ हायब्रिडच्या इंजिनाला ०डब्ल्यू-१६ हे अतिशय पातळ तेल लागतं. बाहेरचा मेकॅनिक ‘जाड टाका, इंजिन शांत राहील’ म्हणून दुसरंच घालतो आणि मग मायलेज घसरल्याची तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात. जुनी बिलं चाळताना तेलाचा ग्रेड आणि इन्व्हर्टरचं कूलंट बदलल्याची नोंद, एवढं आवर्जून पाहा. इन्व्हर्टरची कूलंट टाकी इंजिनाच्या टाकीपेक्षा वेगळी असते आणि बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

—

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. केबल आणि ब्लॉकच्या व्होल्टेजबद्दल मला काहीच कल्पना नव्हती. आता कल वापरलेल्या रॅव्ह-४कडे आहे, स्कॅनर आणि लिफ्ट या दोन्ही अटी विकणाऱ्याला आजच कळवल्या आहेत.

एक शंका राहिली. सिग्नलला थांबल्यावर मला न्यूट्रलला टाकायची सवय आहे. हायब्रिडमध्ये ते चालतं का?

—

प्रतिसाद

ती सवय सोडा. टोयोटाच्या पद्धतीत ‘एन’वर इंजिन वीज बनवू शकत नाही, म्हणजे एसी, दिवे सगळं बॅटरी एकटी ओढते आणि ती भरत मात्र नाही. लांबच्या ट्रॅफिकमध्ये पार उतरूही शकते. ‘डी’मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवा. आणि गाडी कधी बंद पडली तर दोरी बांधून ओढू देऊ नका, चाकं फिरली की मोटर वीज बनवायला लागते. रॅव्ह-४ मागूनही मोटरने चालते, तेव्हा चारही चाकं जमिनीवरून उचलून, ट्रकवर चढवूनच न्यायची.